तळ्यात बोट कुणीही पळवतो

सकाळी एका ओळखीच्याने लेक पॉवेलवरचा, म्हणजे अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर धरण बांधून झालेल्या तळ्यावरचा, स्पीडबोटीचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलंय, "वाळवंटात माणसाने समुद्र आणला!" दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

समुद्र? त्या पाण्याखाली ग्लेन कॅन्यन ही नदीने कोरलेली दरी आहे. 13 मार्च 1963 ला धरणाचे दरवाजे बंद झाले आणि कोलोरॅडोचा तो पट्टा संपला. त्याआधी तिथे मोटरबोट नेणं म्हणजे काय होतं, हे या मंडळींनी एकदा तरी वाचावं.

गढूळ पाणी, तळ दिसत नाही, वाळूचे बांध सतत जागा बदलणारे. बोट ढकलणारा पाण्यातला पंखा वाळूत घुसला की त्याची पिन तुटली. 1905 मधली पेट्रोलवर चालणारी 'सिटी ऑफ मोआब' घ्या. नाव मोआबचं, नदीच्या वरच्या अंगाच्या गावाचं, पण ती मोआबला पोचलीच नाही. वाफेचं इंजिन बसवूनही जमेना, शेवटी ग्रेट सॉल्ट लेकमध्ये नेऊन सोडली. तळ्यात!

कराडहून आई आली होती तेव्हा तिला धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या लीज फेरीला नेलं. तिथे 1912 च्या 'चार्ल्स एच. स्पेन्सर' या वाफेच्या बोटीचा गंजलेला बॉयलर काठाशी पडलाय. नदीच्या 28 मैल वरच्या अंगाकडून कोळसा आणायला बांधलेली बोट, येण्याजाण्यातच बहुतेक कोळसा संपवायची. आई म्हणाली, "म्हणजे कोळसा आणायला गेली नि कोळसाच खाऊन आली?" मग लगेच, "पण एवढ्या उथळ पाण्यात ती वर चढायची कशी?"

हाच तर प्रश्न! कृष्णेकाठी वाढलेल्या बाईला पहिल्या पाच मिनिटांत पडला.

त्याचं एक उत्तर आर्ट ग्रीनने शोधलं. लीज फेरीहून रेनबो ब्रिज या दगडाच्या नैसर्गिक कमानीच्या वाटेला लोकांना वर न्यायला त्याने बोटीवर विमानाचं इंजिन चढवलं. पंखा हवेत, मग वाळू काय करणार? न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने पंखाच काढला. तळातून पाणी ओढून मागे फेकणारी त्याची जेटबोट 1960 मध्ये ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेली. या माणसांना नदीपुढे नमून, ती वाचून मग यंत्र बनवावं लागलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

हो, माहितीये, पाणी लागतं, वीज लागते, फिनिक्सच्या उन्हाळ्यात माझ्याही घरात एसी चालतो. मान्य. पण मग गरज होती म्हणा ना. जल्लोष कसला करता?

आई त्या बॉयलरपाशी बराच वेळ उभी होती. "पाणी इतकं नितळ कसं? गाळ कुठं गेला?" गाळ धरणामागे अडलाय, आई.

आता तळं आटतंय. वरच्या टोकाला हाइटला बोटी उतरवायचा रॅम्प कोरडा पडलाय, आणि नदी साठलेला गाळ कापत पुन्हा वाहतेय. मला याचा आनंद होतो, आणि तो मी लपवणार नाही.