गल्लीत टॉवर उठवायचाय? या, बसा

मालक, बेळगावात जागा स्वस्त आहे ही तुमच्या पुण्याच्या मेव्हण्याने दिलेली बातमी खरी धरा आणि लगेच टॉवर बांधायला घ्या. गावाबाहेरच्या प्लॉटकडे बघू नका. थेट गणपत गल्ली, रामदेव गल्ली, जमलंच तर खडेबाजारच्या मागे. बांधायचं तर गावाच्या पोटात.

आधी वाडा शोधा. कौलं गळतायत, सीटीएस उताऱ्यावर (शहरातल्या जागेचा मालकीचा कागद) अजून आजोबांचं नाव आणि वारस अकरा. दहा जण सही देतात. अकरावा सांगलीला असतो आणि दर दिवाळीला त्याचा भाव वाढतो. तो वळेपर्यंत रंगीत नकाशा काढून घ्या, स्विमिंग पूलसकट. पूल बांधायचा नसतो.

रोकड नाही? निम्मे फ्लॅट वारसांना, निम्मे तुम्ही विका. जागा फुकट! फक्त हिशेब करत बसू नका. समजा बांधकाम फुटाला 2000 पडलं. बांधायचे दोन फ्लॅट आणि विकायचा एक, म्हणजे फुकटच्या जागेवर तुमचा खर्च फुटाला 4000. वर लिफ्ट, जनरेटर, पार्किंगचं बेसमेंट (पावसाळ्यात पूल तोच) आणि व्याज. सिमेंट, सळई, लिफ्ट गाव स्वस्त आहे म्हणून स्वस्त मिळत नाही, हे मेव्हण्याने सांगितलं नव्हतं. आणि गिऱ्हाईक? त्याला तेवढ्या पैशात वडगाव-अनगोळकडे विहिरीसकट जुनं बैठं घर दिसतंय. त्याला सांगा, ते घर आहे, ही लाइफस्टाइल आहे. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, विचारला तर आधी चहा मागवा.

रेराचं, म्हणजे बिल्डरांवर लगाम घालणाऱ्या कायद्याचं, टेन्शन नको. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेला नोंदणी लागत नाही, आणि गल्लीतला चार गुंठ्यांचा वाडा त्यात आरामात बसतो. मग गिऱ्हाइकांचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायची कटकटही नाही. ते पुढच्या वाड्याच्या अकराव्या वारसाला देता येतात.

रस्ता अरुंद म्हणून एफएआर, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण, कमी मिळेल. एक मजला तसाच चढवा, अक्रम-सक्रम (बेकायदा बांधकाम दंड भरून कायदेशीर करायची कर्नाटक सरकारची योजना) येईल की! सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये त्याला स्थगिती दिली खरी, पण सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून तिथेच आहे. वाट बघण्यात आपला हात कोण धरणार?

थोडी अडचण जीएसटीची. चालू बांधकामात फ्लॅट घेतला तर 5 टक्क्यांपर्यंत, पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर शून्य. गिऱ्हाइकाला हे कळलंय, म्हणून तो दाखल्याची वाट बघतो. दाखला वाढीव मजल्यापाशी अडकलाय. तोवर बेंगळूरच्या आयटीतली पोरं पकडा; फ्लॅट घेतात, कुलूप लावतात, गणपतीला उघडतात. गल्लीतला भाडेकरू मात्र वाडा पाडला तेव्हाच मच्छेकडे गेला, त्याचा इथे विषय नाही.

नाव ठेवा अमुक हाइट्स. बोर्डावर 60 टक्के कन्नड कायद्यानेच लागतं, उरलेल्यात इंग्रजी मावतं. मराठी ऐकू येईल ती तळमजल्याच्या गाळ्यांत, आणि खरं सांगू? तुमचे पैसे सुटले तर त्या गाळ्यांतच सुटतील. काही झालं तरी ते वारसांच्या वाटणीत जाऊ देऊ नका. सांगलीकराने तेच मागितलेत.