माउन ते फ्रान्सिसटाउन, व्हाया मामी

हल्ली ज्याला त्याला आफ्रिकेला जायचंय, आणि आम्ही बोत्सवानाच्या राजधानीत, गॅबरोनीत राहतो म्हणून सगळ्यांचे मेसेज मलाच. सिंह नक्की दिसेल का, व्हेज मिळतं का, आणि शेवटी हळूच, "तिकडची लोकं कशी आहेत गं? सेफ आहे ना?" मग हीच मंडळी विमानाने कसानेला उतरतात, चोबे नदीत बोटीतून हत्ती बघतात, व्हिक्टोरिया फॉल्सला भिजतात आणि परत. अख्ख्या ट्रिपमध्ये बोत्सवानातला एकच माणूस भेटतो, जीप चालवणारा गाईड, आणि त्यालाही विचारतात काय तर "लायन कुठाय?" मला हे पटत नाही. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट देश, २०२२ च्या जनगणनेत माणसं मोजून साडेतेवीस लाख, म्हणजे एकट्या पुण्यापेक्षाही कमी. मग त्यातली दोन-चार तरी भेटायला नकोत का?

सांगलीहून मामा-मामी आले होते तेव्हा ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश वगैरे सगळं रीतसर झालं, सिंहही दिसला, फोटो फॅमिली ग्रुपवर आहेत, त्यावर बोलत नाही. बोलायचंय ते परतीच्या रस्त्याबद्दल. माउन ते फ्रान्सिसटाउन, अंदाजे ५०० किलोमीटर, सरळसोट सपाट रस्ता, दोन्ही बाजूला मोपानीची झुडपं आणि मध्येच गाढवं. इथली गाढवं हॉर्नला घाबरत नाहीत, तुम्हीच थांबायचं. ट्रॅव्हलवाले या दिवसाला 'ट्रान्सफर डे' म्हणतात, म्हणजे झोपा काढा. माझ्या मते याच दिवसाचे पैसे जास्त घ्यायला हवेत.

माउन सोडून बराच वेळ झाल्यावर एका फाट्यावर एक बाई उभी होती, खांद्यावर ब्लँकेटसारखी शाल, डोक्याला रुमाल, हात पुढे करून पंजा खाली हलवत. इथे लिफ्ट अशीच मागतात, अंगठा नाही दाखवत, आणि ती फुकटही नसते, बसभाड्याएवढे पैसे द्यायची पद्धत आहे. कॉम्बी, म्हणजे इथली मिनीबस, कधी येईल भरवसा नाही म्हणून शिक्षक, नर्स, पोलीस सगळेच असे जातात. नवऱ्याने गाडी थांबवली तर मामा मागून, "अरे, अनोळखी बाई..." मी म्हटलं मामा, मिरज-सांगली वडापमध्ये तुमच्या मांडीवर कोण कोण बसलंय ते आठवा. गप्प.

इथे आधी नमस्कार, मग काम. दुकानात जाऊन डायरेक्ट "ब्रेड आहे का" विचारलंत तर समोरचा तुमच्याकडे असं बघतो की बस. "दुमेला मा," मी म्हटलं, ती "दुमेला मा," मग मामीनेही मागून दुमेला ठोकलं, मग तब्येती विचारून झाल्या आणि मग कळलं की बाईला नाटाला जायचंय, मावशी वारलीय, उद्या माती. वार शुक्रवार. इथे अंत्यविधी शक्यतो शनिवारी पहाटे उरकतात म्हणजे लांबच्या नातेवाइकांना पोचता येतं, आणि तोवर रोज संध्याकाळी घरी प्रार्थना. मामीला ते काही झेपेना, मेलेलं माणूस आठवडाभर ठेवायचं? "मॉर्चरीत असतं गं," मी म्हटलं. बाईने विचारलं तुमच्यात कसं, मामी म्हणाली त्याच दिवशी, उन्हं कलायच्या आत. आता हादरायची पाळी बाईची. "मग भाऊ मुंबईहून कसा पोचणार?" मामीला उत्तर नव्हतं, कारण तिचा स्वतःचा भाऊ आईच्या वेळी पोचला नव्हता.

पुढे ग्वेटाच्या अलीकडे हत्ती रस्ता ओलांडत होते. आम्ही सगळे मोबाईल काढून "अय्या पिल्लू बघ", बाई मात्र खिडकीबाहेर बघायलाही तयार नाही. मग सांगायला लागली. तिची मासिमोवर, म्हणजे गावाबाहेरच्या शेतावर, ज्वारी असायची. दोन-तीन वर्षं ओळीने हत्ती आले, एका रात्रीत सगळं साफ. मिरचीपूड आणि हत्तीचं शेण कालवून विटा जाळल्या, त्या धुराने हत्ती पळतात म्हणे, थोडे दिवस पळाले. भरपाईचा फॉर्म भरला. आता पेरतच नाही, म्हणाली, मुलगा माउनला नोकरीला आहे तो पैसे पाठवतो.

बोत्सवानात अंदाजे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, जगात सर्वात जास्त. जर्मनीने शिकारीच्या ट्रॉफी आयातीवर कडक नियम आणायचं काढलं तेव्हा २०२४ मध्ये इथल्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, मासिसींनी, सरळ सांगितलं होतं की २० हजार हत्ती तुम्हाला पाठवतो, राहा त्यांच्याबरोबर. आपल्याकडे तेव्हा ती बातमी विनोद म्हणून फिरली. मला नाही तो विनोद वाटत. शिकारीचं समर्थन मी करत नाही, पण दोडामार्गात २००२ पासून हत्ती येतायत, माडाच्या आणि केळीच्या बागा झोपवतात, त्या शेतकऱ्याला विचारा पिल्लू किती क्यूट आहे. पुण्यात बसून बिबट्या वाचवा म्हणणं आणि जुन्नरला अंधारात उसाला पाणी धरायला जाणं यात फरक आहे की नाही? तसंच हे. प्राणी बघायचे पैसे आपण लॉजला देतो, ज्वारी जाते बाईची.

नाटाला तिला सोडलं तर पैसे काढून देत होती, नवऱ्याने घेतले नाहीत. मग ती काही सोडेना, चहा घेऊनच जा. मयताच्या घरी चहा! मामा कसेनुसे झाले, पण नाही म्हणणं जास्त वाईट दिसलं असतं. अंगणात मोठा तंबू, तीन पायांची काळी लोखंडी भांडी चुलीवर, आणि स्वयंपाकाला चक्क पुरुष. दुसऱ्या दिवशीच्या सेस्वाची तयारी. गोमांस मिठात तासन्‌तास उकळून कुटतात, आणि हे काम पुरुषांचंच. मामी शाकाहारी नाही, पण माळकऱ्याची लेक. एकदा बघितलं, पदर सारखा केला, काही बोलली नाही.

आणि गंमत म्हणजे तिथे तो पदरच भारी ठरला. अशा घरी बाईने डोकं आणि खांदे झाकायचे, पँट चालत नाही. मी जीन्समध्ये. फाटकाशीच एका आजीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आतून छापाचं कापड आणि शाल आणून माझ्याभोवती गुंडाळली, लहान पोरीला गुंडाळतात तशी. मामी मात्र डोक्यावर पदर घेऊन ताठ आत, सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, जवळ बसवून घेतलं. मी इथे राहून सेत्स्वानाचे, म्हणजे इथल्या भाषेचे, क्लास केलेत हो! मामीला दुमेलाच्या पुढे एक शब्द येत नव्हता, तरी तिथल्या मावशीचा हात धरून ती खुशाल मराठीत बोलत होती, "पिकलं पान होतं, सुटली बिचारी." चहात भरपूर साखर, बरोबर माग्विन्या, म्हणजे तळलेले मैद्याचे गोळे. मामाने तीन खाल्ले.

आता डुकवीचं. नाटाच्या पुढे फ्रान्सिसटाउनकडे जाताना तिथे जनावरांच्या खात्याचं गेट आहे. सगळ्यांनी उतरायचं, औषधाच्या ओल्या पायपुसण्यावर चपला बुडवायच्या, गाडीची चाकं औषधी पाण्यातून न्यायची, आणि कच्चं मांस पुढे न्यायचं नाही. कारण लाळ्या खुरकूत. मामा पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालेले, जन्म गेला गोठ्या-गोठ्यात लशी टोचण्यात. लाळ्या खुरकूत ऐकल्यावर सिंह बघताना उजळला नव्हता इतका त्यांचा चेहरा उजळला. गेटवरचा पोरगा बिचारा कूलबॉक्स उघडायला आला होता, त्याला मामांनी आपल्या इंग्रजीत धरलं, कुठला टाइप, लस कुठली. त्यालाही ऐकणारा कुणी मिळाला असावा. आपल्याकडे या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-वन, यांच्याकडे सॅट नावाचे प्रकार, लस गॅबरोनीतच बनते, आणि खरी अडचण रानम्हशींची, त्या स्वतः आजारी न पडता वर्षानुवर्षं विषाणू बाळगतात. इथून युरोपला गोमांस जातं, रोग गेटच्या पुढच्या गुरांत पसरला की बाजार बंद, म्हणून हे गेट आणि ही कुंपणं. पहिलं मोठं कुंपण, कुकेचं, १९५८ चं. त्या तारांनी रानातल्या जनावरांच्या वाटाही तोडल्या, दुष्काळात पाण्याकडे निघालेली हजारो विल्डबीस्ट हरणं मेली. एक कुंपण १९६८ पासून झेब्र्यांच्या वाटेत होतं, ते २००४ ला काढलं तर झेब्रे परत ओकावांगोतून माखाडीखाडीच्या खाऱ्या मैदानांकडे चालायला लागले. मधल्या काळात झेब्र्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या, मग वाट कुणी सांगितली त्यांना?

असो. कूलबॉक्समध्ये निघालं माउनला मामांनीच घेतलेलं किलोभर बोकडाचं मटण. पोरगा म्हणाला, टाका नाहीतर इथे शिजवा, शिजवलेलं चालतं. टाकायचं म्हटल्यावर मामीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग काय, गाडीतून गॅस काढला, गेटच्या बाजूला झाडाखाली कांदा चिरला, आणि सांगलीहून आणलेला कांदा-लसूण मसाला पडल्यावर रांगेतले लोक काचा खाली करून बघायला लागले. झांबियाचा एक ट्रकवाला पाव घेऊन सरळ येऊन बसला. गेटवरच्या पोराने ड्युटीवर आहे म्हणून खाल्लं नाही, पण येऊन-जाऊन पातेल्यात डोकावत होता, शिजलंय की नाही बघायला, असं तो म्हणाला.

मामांनी त्याचा नंबर घेतलाय. परवा त्याला खिल्लार बैलाचा फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, "वजन किती?"