खरं म्हणजे उणे एक

आमच्या कंपनीचा कारभार अ‍ॅक्सेसच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामच्या, एका फाइलवर चालायचा. ती ज्यांनी बनवली ते गृहस्थ कधीच नोकरी सोडून गेले, पण 'नवीन ऑर्डर'चं बटण त्यांनी जांभळं केलं ते जांभळंच राहिलं. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा नुसता फॉन्ट मोठा केला, तर महिन्याचा अहवाल छापायचा बंद झाला. दोन्हींचा काय संबंध, देव जाणे.

अशी फाइल २ जीबीच्या वर जात नाही आणि आमची पावणेदोनला टेकली होती. दर शुक्रवारी फाइल आवळून लहान करणारं 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवायचं आणि त्याआधी "सगळे बाहेर पडा रे!" म्हणून ओरडायचं. तरी कुणीतरी फाइल उघडी टाकून जेवायला गेलेलं असायचंच, आणि 'फाइल वापरात आहे' असं सांगणारी टीचभर लॉक फाइल फोल्डरमध्ये ठाण मांडून बसायची.

शेवटी साहेब म्हणाले, "नवीन सॉफ्टवेअर घेऊ. तुम्ही फक्त डेटा तिकडे टाका."

हे 'फक्त' चार महिने चाललं.

पहिल्याच चाचणीत एकही ग्राहक चालू दिसेना. अ‍ॅक्सेस 'हो' हे उणे एक म्हणून साठवतं आणि मी लिहिलेली कोडची ओळ अधिक एक शोधत होती. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जे खरं धरून चाललो होतो, ते शून्याच्याही खाली होतं! मग तारखा. वर्षाचे दोनच आकडे टाइप केले की तीसच्या आतलं वर्ष दोन हजारातलं आणि तीसपासून पुढचं एकोणीसशेतलं, असा आमच्या मशीनचा हिशोब. त्यामुळे एका कोऱ्या यंत्राची हमी १९३१ सालीच संपली होती. फोन नंबरांच्या सुरुवातीचे शून्य एक्सेलमधून येताना वाटेतच गळाले, ते वेगळंच.

पण खरी गंमत 'शेरा' या रकान्यात. एकाच नावाचे तीन ग्राहक, त्यातल्या दोघांपुढे 'हा नव्हे'. एकापुढे 'तोच, पण भाऊ'. नव्या सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याच्या जागी यादी होती: सक्रिय, निष्क्रिय, संभाव्य. 'तोच, पण भाऊ' यातला कुठला? सॉफ्टवेअरवाला पोरगा सज्जन होता, त्याने 'इतर' असा चौथा पर्याय काढून दिला. आता आमचे निम्मे ग्राहक 'इतर' आहेत.

एक नोंद मात्र कुठेच बसेना. 'यांना फोन करू नये. कारण बाईंना विचारा.' मी अकाउंट्समधल्या बाईंकडे गेलो.

"थांबा, जुन्यात बघून सांगते," त्या म्हणाल्या. चष्मा लावला, आम्ही बंद केलेली फाइल कुठूनशी उघडली, शेरा दोनदा वाचला आणि माझ्याकडे वळल्या.

"'बाईंना विचारा' असं लिहिलंय हो. कुठल्या बाई?"