एक किलो आमरसाचे चार कप का भरत नाहीत

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दुकानात आम्ही सगळ्यांनी वाचला. एक किलो आमरसाचा डबा लिटरच्या मापात ओतला तर माप भरलं नाही, आइस्क्रीमच्या रेसिपीतले चार कपही झाले नाहीत. उलट अर्धा किलो गोठवलेल्या फोडींचे मात्र तीन कप भरले. म्हणून ‘नौपाड्यातलं हे दुकान वजनात मारतं’ असं लिहून तुम्ही एकच स्टार दिलात. आरोप साधा नाही, म्हणून नीट उत्तर देतो.

वजन बरोबर आहे. एक किलो म्हणजे एक लिटर, हे गणित पाण्याचं. आमरसात साखर विरघळलेली असते, त्यामुळे तो पाण्यापेक्षा जड भरतो. लिटरभर रसाचं वजन साधारण 1060 ग्रॅम होतं. म्हणजे किलोभर रस 940 मिलीच्या आसपास. 240 मिलीच्या कपाने चार कपांना थोडा कमी, 250 च्या कपाने जेमतेम पावणेचार. तुमच्या मापात जे आलं ते हेच. डबा वरून थोडा रिकामा असतो तोही मुद्दाम, कारण रस गोठताना फुगतो आणि काठोकाठ भरलेल्या डब्याचं झाकण उचलतं.

फोडींचं उलटं. कपात फोडी टाकल्या की मधे पोकळी राहते, ती पोकळीही आपण कपात मोजतो. आंब्याच्या फोडींचा एक कप भरतो साधारण 165 ग्रॅम, रसाचा अडीचशेच्या वर. म्हणून अर्ध्या किलो फोडी तीन कप दिसतात आणि तेवढाच रस दोन कपही होत नाही. तुम्ही लिहिलंय की कमी पडलेल्या रसासाठी कपभर फोडी वाटून घातल्या. ताई, कपभर फोडींचा रस जेमतेम दोन तृतीयांश कप होतो. रसाऐवजी फोडी घ्यायच्या तर त्या काट्यावर तोलूनच घ्या. स्ट्रॉबेरीचंही असंच आहे: अख्ख्या फळांचा कप 145 ग्रॅमच्या आसपास, कापलेल्यांचा 165, वाटलेल्या गराचा 230. ‘एक कप स्ट्रॉबेरी’ एवढंच लिहिलेल्या रेसिपीवर मी तरी विसंबणार नाही. आणि घरातला चहाचा कप किंवा आमटीची वाटी धरली तर हिशेब आणखीच हुकतो.

तुमच्या रेसिपीला 240 च्या कपाने सुमारे 1020 ग्रॅम रस लागतो. डब्यापेक्षा चमचा-दीड चमचा जास्त. तेवढ्याने आइस्क्रीम बिघडत नाही, दूध तेवढंच कमी करा.

रसासारखा दाट पदार्थ पाकिटावर ग्रॅममध्ये लिहायचा, मिलीमध्ये नाही, असा नियमच आहे. आमच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का दरवर्षी होतो, तो गल्ल्याजवळ दिसेल असा ठेवलाय. तरी शंका असेल तर न उघडलेला कुठलाही डबा तुम्ही निवडा, तुमच्यासमोर तोलतो. जोडीला त्याच मापाचा रिकामा डबाही तोलू. आतला रस किलोला एक ग्रॅम जरी कमी भरला, तर पैसे परत आणि तो डबाही तुमचाच.

येताना रेसिपी घेऊन या. कपांचे ग्रॅम करून तिच्यावरच लिहून देतो.