गरजेपुरती भांडी

संसाराला नेमकी किती भांडी लागतात, या प्रश्नाचे उत्तर ज्याचा संसार अजून सुरू झालेला नाही त्यालाच छातीठोकपणे देता येते. आमच्या चिरंजीवांना पुण्यात नोकरी लागली, हिंजवडीजवळ दोन मित्रांबरोबर त्यांनी सदनिका भाड्याने घेतली आणि बाहेरचे खाऊन पोट पुरेसे बिघडल्यावर त्यांचा फोन आला, "आई, रोजच्या स्वयंपाकाला लागतील तेवढीच भांडी घेऊन ठेव, एका पिशवीत मावली पाहिजेत." मी वीजबिलाच्या पाठीमागे यादी लिहिली: लहान कुकर, तवा, पोळपाट-लाटणे, एक कढई, झाकण्यांसह दोन पातेली, परात, पळी, उलथने, सुरी, किसणी, चहाची गाळणी आणि सांडशी. यापलीकडे तीन अविवाहित मुलांना काही लागलेच तर ते खानावळीत मिळते, असे माझे मत होते आणि अजूनही आहे. ही यादी मी फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली अडकवली. आणि आमच्या घरात फ्रिजच्या दारावर लावलेला कागद हा हरकती व सूचना मागवण्यासाठीच असतो.

पहिली हरकत सासूबाईंची आली. त्यांनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "पाटा-वरवंटा कुठाय?" मी म्हटले की मुलाला अजून वरण-भाताचा कुकरही नीट लावता येत नाही. "मग काय झालं? शिकंल की. पाट्याशिवाय वाटण व्हतंय व्हय?" मिक्सरचे पाते खोबरे आणि तीळ नुसते कापत सुटते, तर दगडाखाली ते चिरडले जाऊन त्यांचे तेल सुटते, आणि ते तेल सुटल्याशिवाय तांबड्या रश्श्याला तवंग कुठून येणार, हा त्यांचा मुद्दा शास्त्रदृष्ट्या बिनतोड होता, हे मला मान्य करावे लागले. अडचण एवढीच होती की पाटा दोन माणसांनी उचलावा लागतो, त्याला अधूनमधून टाकी लावून घ्यावी लागते, आणि पुण्याच्या त्या भागात छिन्नी-हातोडा घेऊन दारावर येणारा टाकीवाला मिळण्यापेक्षा विमानाचे तिकीट मिळणे सोपे आहे. शेवटी वाटाघाटी होऊन पाट्याऐवजी लोखंडी खलबत्ता मंजूर झाला. चहात आले ठेचायला तरी तो उपयोगी पडेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि पिशवीच्या जागी पोत्याचा विचार सुरू केला.

दुसरा वाद सुरी की विळी हा. या विषयावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण घराघरांत तो अनिर्णित राहिलेला आहे. सासूबाईंच्या मते सुरी हे हत्यार आहे आणि विळी हे साधन आहे. विळीला पायाने दाबून बसले की पाते जागचे हलत नाही, दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात, आणि तिच्याच टोकाच्या खवणीवर नारळही निघतो. त्यामुळे एका वस्तूत दोन कामे होतात. माझा आक्षेप विळीला नाही, विळीपुढे बसण्याला आहे. हल्लीच्या मुलांना मांडी घालून बसा म्हटले की ती एवढी वेळखाऊ हालचाल करतात की तोवर भाजी शिळी व्हावी. पण सुरीची बाजू मांडताना माझी पंचाईत अशी झाली की आमच्याच खणात लहानमोठ्या सुऱ्यांचा एक ढीग आहे, त्यांतल्या निम्म्या कुठल्या ना कुठल्या वस्तूबरोबर फुकट आलेल्या आहेत, एकीलाही धार नाही, आणि सगळे घर मूठ मोडलेल्या एकाच बारक्या सुरीवर चालते. बोथट सुरी कांदा कापत नाही, चेंगरते. जितक्या जास्त पेशी चेंगरतात, तितके त्यांतले विकर आणि गंधकयुक्त द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तितकाच जास्त सुटतो. म्हणजे कोल्हापुरात मटणाच्या रविवारी सकाळी गल्लीभर जे अश्रू वाहतात, त्यांतले बरेचसे कांद्याच्या नव्हे, धार लावून न घेणाऱ्यांच्या नावावर मांडायला हवेत. सायकलच्या चाकावर दगड फिरवीत धार लावणारा गल्लीत येतो, तेव्हा आमच्या घरातले प्रत्येक माणूस नेमके अंघोळीला गेलेले असते. मग चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खडबडीत कड शोधून तिच्यावर सुरी घासली जाते. या उपायाने धार खरोखर लागते. फक्त त्यानंतर पाहुण्यांना चहा त्या कपातून द्यायचा की नाही, हा नवा वाद उपस्थित होतो. अखेर यादीत सुरीही राहिली आणि विळीही आली.

तवा हा शब्द मी निरुपद्रवी समजून लिहिला होता. आमच्या ह्यांचे सारे आयुष्य उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत गेले असल्यामुळे तव्यावर बोलण्याचा अधिकार त्यांनी कायमचा राखून ठेवलेला आहे. बिडाचा तवाच घेतला पाहिजे, असे त्यांनी जाहीर केले. बिडात कार्बनचे प्रमाण 2 टक्क्यांहून अधिक असते, ते सावकाश तापते पण तापले की उष्णता धरून ठेवते, आणि तेलाचे थर देऊन नीट मुरवले तर डोसा अलगद सुटतो, हे सगळे मी लग्नापासून ऐकत आले आहे. हे बीड हातातून पडले तर फुटते, हे ते सांगत नाहीत. ते मला आमच्या आधीच्या तव्याने सांगितले. माझे दुखणे वेगळेच आहे. ज्या कोल्हापुरातून इंजिनांचे ओतीव भाग ट्रक भरभरून देशभर जातात, त्या कोल्हापुरातल्या फाउंड्रीवाल्याच्या घरात डोशाचा तवा परराज्यातून कुरिअरने यावा आणि तो आल्यावर यजमानांनी त्याला उलटा-पालटा करून "कास्टिंग बरं आहे" असे प्रमाणपत्र द्यावे, यातली विसंगती त्यांच्या लक्षात येत नाही.

त्याच संध्याकाळी राजारामपुरीहून नणंदबाई नॉनस्टिकचा तवा घेऊन आल्या. "वहिनी, पोरांना हेच सोपं पडतंय," हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु त्यांनी तवा ठेवला आणि पाठोपाठ नियम सांगितले: यावर स्टीलचे उलथने चालणार नाही, लाकडीच लागेल, तारेची घासणी चालणार नाही, मऊ लागेल, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवायचा नाही, कारण साधारण 260 अंशांच्या वर त्याचा लेप खराब होऊ लागतो. तेव्हा मला यादी वाढण्याचे खरे कारण उमगले. भांडे कधी एकटे येत नाही. लग्नघरच्या पाहुण्यासारखे ते आपले गोतावळे बरोबर घेऊन येते. कुकर आला की आतले डबे, जाळी, जादा शिट्टी आणि जादा रबर आले. किसणी आली की ती घासायला वेगळा ब्रश आला. मिसळणाचा डबा आला की सात वाट्या, सात वाट्यांसाठी एक चमचा, आणि वर वर्षाची चटणी ठेवायला बरणी. माणसाची गरज वाटीभर आमटीची असते. उरलेल्या सगळ्या गरजा भांड्यांच्या असतात.

या सर्व गोंधळात सांडशीबद्दल मात्र कोणाचीही हरकत नव्हती. ती लागतेच, यावर घराचे एकमत झाले. आमच्याकडे सांडश्या मुबलक आहेत, आणि दूध उतू जाण्याच्या क्षणी त्यांतली एकही ओट्यावर नसते. त्या क्षणी पातेले टॉवेलच्या टोकाने, पदराने किंवा जुन्या वर्तमानपत्राने उतरवले जाते, आणि दूध पुसून झाल्यावर सांडशी समोरच्या खिळ्यालाच लटकलेली दिसते.

रविवारी आम्ही महाद्वार रोडलगतच्या गल्लीतल्या एका भांड्यांच्या दुकानात गेलो. ह्यांनी फ्रिजवरचे लोहचुंबक खिशात घातले होते. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हा त्यांचा सिद्धांत असून त्याच्या जोरावर आजवर त्यांनी अनेक दुकानदारांना हैराण केले आहे. एकेक पातेले हातात घ्यायचे, चुंबक लावायचे, आणि ते घसरून पडले की "304 आहे, 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल," असे म्हणून माझ्याकडे सरकवायचे. दुकानदार बराच वेळ शांतपणे बघत होता. मग तो म्हणाला, "साहेब, 202 ला पण चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असतंय. चुंबकानं ते कळत नाही." हे काही बोलले नाहीत, पण चुंबक हातातल्या हातात फिरवू लागले.

तेवढ्यात चिरंजीवांचा फोन आला. घरमालकाने सिलिंडर ठेवायला मनाई केली होती, मुलांनी इंडक्शनची शेगडी आणली होती, आणि तिच्यावर ज्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटते तेच भांडे तापते, असे त्यांना कळले होते. शेगडीतल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच वीजप्रवाह उत्पन्न होतो आणि त्या प्रवाहाने बूड तापते. अ‍ॅल्युमिनियमची कढई आणि आम्ही वेगळे काढलेले सगळे पातळ स्टील अशा शेगडीवर गारच राहते. म्हणजे चुंबक न चिकटणारी म्हणून निवडलेली एकूण एक वस्तू परत रॅकवर गेली, आणि चिकटते म्हणून तुच्छतेने बाजूला सारलेली जाड बुडाची पातेली पुन्हा पुढे आली. हे काम ह्यांनीच करावे असा मी आग्रह धरला. त्यांनी ते केले, मात्र प्रत्येक वेळी चुंबक चट्‌कन चिकटले की त्यांच्या चेहऱ्यावर जावयाची सरबराई करणाऱ्या सासऱ्याचे हसू येत होते.

सासूबाईंना इंडक्शन वगैरे कळले नाही. चुंबक चिकटला तर वस्तू घ्यायची, एवढे मात्र स्वच्छ कळले. त्यांनी मुलाच्या हातून चुंबक काढून घेतला आणि आधी खलबत्त्याला लावला. तो असा चिकटला की सोडवायला दुकानातल्या पोऱ्याला बोलवावे लागले. मग विळीच्या पात्याला लावला, तिथेही चिकटला. मग कोपऱ्यातल्या बिडाच्या तव्याला. "हे बघ, चिकटतंय! तुझं इतकं नाजूक-साजूक बाद झालं आणि माझं सगळं पास झालं," असे त्यांनी मला ऐकवले. फोन अजून चालूच होता. त्यातून चिरंजीवांचा काकुळतीचा आवाज आला, "आज्जी, बत्त्यावर काय शिजवू?" परंतु तोवर दुकानदाराने खलबत्ता काट्यावर चढवला होता, आणि नाव घालायचे यंत्र सुरू करून तो सासूबाईंना विचारत होता की तिघांपैकी कोणाचे नाव घालायचे. "तिघांची कशाला? ती पोरं उद्या कुठं जातील कुणाला ठाऊक," त्या म्हणाल्या, आणि बत्त्यावर त्यांनी स्वतःचे नाव घालून घेतले.