‘३७७ गेलं, आता कसला अन्याय?’

नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा फिरतोय: ‘३७७ रद्द झालं, गे लोकांना आता पूर्ण संरक्षण आहे. खरंच मार खाल्ला असेल तर तक्रार का करत नाहीत? आणि अनोळखी माणसाला भेटायला जायचंच कशाला?’

आधी संरक्षणाचं बघू. ३७७ म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, एवढंच. जबरदस्तीसाठी ३७७ शिल्लक होतं. १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तेही गेलं. आज सज्ञान पुरुषावर बलात्कार झाला, तर त्यासाठी कलमच नाही. दुखापत, मारहाण असं काहीतरी लावून भागवायचं.

तक्रार का करत नाहीत? डेटिंग अ‍ॅपवर गोड बोलून सुनसान रस्त्यावर बोलवतात. तिथे चार-पाच जण दबा धरून असतात. मारतात, व्हिडिओ काढतात, यूपीआयने पैसे घेतात आणि जाताना म्हणतात, “तुह्या बाबाले सांगू का बे?” मार विसरता येतो, हे वाक्य झोपू देत नाही. मी एका मित्रासोबत ठाण्यात गेलो होतो. ओठ फुटलेला, शर्टावर रक्त. पहिला प्रश्न आला, “लग्न झालं का?” दुसरा, “घरून कोणाले तरी बोलव.” लुटारूंनी फक्त धमकी दिली होती, ती ठाण्यात खरी व्हायची वेळ आली. तो उठून निघून गेला. बलात्कार झालेल्या स्त्रीचं नाव छापणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पुरुषाला मात्र हे कवच नाही.

‘भेटायला कशाला गेला’ याला फार शब्द खर्च करत नाही. लग्नाच्या साइटवरून ओळख झालेल्या माणसाने लुटलं, तर आपण लुटणाऱ्यालाच चोर म्हणतो.

ज्याच्यावर वेळ आली आहे त्याच्यासाठी: बदनामीची धमकी देऊन पैसे उकळणं ही खंडणीच, न्याय संहितेचं कलम ३०८, शिक्षा सात वर्षांपर्यंत. घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो, आणि दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ लाच ठरलंय. नकार मिळाला तर डीसीपींना (पोलिस उपायुक्तांना) लेखी अर्ज पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. लाजेपोटी चॅट डिलीट करू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. आणि ठाण्यात एकटे जाऊ नका.