'पूल सरळ रिकामा करा' म्हणणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

घरचा स्विमिंग पूल हिवाळ्यासाठी बंद कसा करायचा या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "ताई, आमचा ह्यूस्टनला पूल आहे, आम्ही यातलं काहीच करत नाही, नुसता पंप चालू ठेवतो. तुमच्याकडे एवढी थंडी असेल तर पूल सरळ रिकामा करायचा, पाणीच नाही तर गोठणार काय? कव्हरवर एवढे डॉलर घालणं म्हणजे निव्वळ हौस. पुढच्या वेळी घरातल्या कोणा जाणकार पुरुषाला विचारून लिहा." काल रात्री वाचलं, लगेच उत्तर दिलं नाही कारण रागात भलतंच लिहिलं गेलं असतं, पण राग सकाळीही तेवढाच आहे.

आधी ते पुरुषाचं. सांगलीत माझ्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, शेतावरचे जळालेले पंप यायचे आणि शाळा सुटली की मी तिथे इम्पेलर साफ करत बसायचे. इथे न्यू जर्सीत आमच्या पूलच्या पंपाचं सील मी बदलते, कंप्रेसर मी लावते, नवरा कव्हरचं दुसरं टोक धरायला येतो. मग विचारू कोणाला? लेखात चूक असेल तर ती दाखवा ना, मी ऐकून घेईन. बाईने लिहिलंय म्हणजे ऐकीव असणार असं धरून चालायचं आणि वर "ताई" म्हणायचं, ही काय पद्धत झाली? बाकीच्यांनीही शंका विचारल्यात, असा सूर कोणी लावला नाही.

एक मान्य. हे सगळं उत्तरेकडच्या थंडीसाठी आहे हे मी शीर्षकातच लिहायला हवं होतं, ह्यूस्टनला पंप फिरता ठेवून एरवी भागतं. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात वीज गेली, पंप थांबले आणि लोकांचे पाईप, पंप, फिल्टर फुटले, हे तिथे राहून तुम्ही विसरलात कसे?

आता "पाणीच नाही तर गोठणार काय". अहो दादा, पाणी जमिनीतही असतं. बर्फ वितळला, पाऊस लागला की पूलच्या भोवतीची माती भिजून भरते आणि ते पाणी टाकीला खालून वर ढकलतं. आतल्या पाण्याचं वजन तिला दाबून ठेवतं. ते काढून टाकलंत तर काँक्रीटचा अख्खा पूल जमिनीतून वर उचलला जाऊ शकतो, तडे जातात ते वेगळेच. आमच्यासारखा विनाइल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेला, असेल तर लायनर सुटून आक्रसतो, भिंतीही मातीच्या दाबाने आत येऊ शकतात. म्हणून पाणी स्किमरच्या, म्हणजे भिंतीतून वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीच्या, तोंडाखाली आणायचं आणि तिथे थांबायचं.

आणि रिकामा करूनही पंपात, हीटरमध्ये, जमिनीतल्या पाईपांच्या वळणांत पाणी राहतंच, ते कोण काढणार? पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, बंद पाईपात त्याला जागा मिळत नाही आणि फुटतो तो पाईप, तोही जमिनीखाली, म्हणजे वसंतात खणत बसा. यासाठीच लेखात तो सगळा खटाटोप लिहिला होता, की पाईपांत हवा मारायची, रिटर्नमधून (पाणी पूलमध्ये परत येतं ते तोंड) जोरात बुडबुडे आले की तिथे प्लग लावायचा, तळाच्या मेन ड्रेनमधून बुडबुडे आले की वरचा व्हॉल्व बंद करायचा म्हणजे हवा पाईपात कोंडून राहते, आणि पंप, फिल्टर, हीटरचे ड्रेन प्लग काढून पंपाच्या बास्केटमध्येच ठेवायचे, नाहीतर मे महिन्यात सापडत नाहीत. अँटीफ्रीझ घालायचंच असेल तर पूलसाठी मिळतं तेच, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीतलं इथिलीन ग्लायकॉलचं विषारी असतं, ते चुकूनही नको.

कव्हरच्या "हौसे"वर मी वाद घालणार नाही. शेजारी लहान मुलं आहेत, विषय संपला.

पुढची कॉमेंट पाईपांबद्दल असेल तर अगदी सविस्तर उत्तर देईन, ह्यूस्टनच्या थंडीबद्दल तुमचा अनुभवही लिहा, लोकांना उपयोग होईल. पुरुषाला विचारा असं परत लिहिलंत तर ती कॉमेंट मी काढून टाकेन.